दोन नंबर मिसिंग

मी दिलेली कढी त्यांनी आधी तोलली आणि मग प्याली. हे मला कसं कळलं ते सांगते.

आमच्या शेजारचं घर बरेच महिने रिकामं होतं. तिथं हा माणूस एकटाच राहायला आला. पहिल्याच दिवशी मी कढीची वाटी स्वतः नेऊन दिली. सुनेच्या हातून पाठवली असती तर घर आतून पाहायला मिळालं नसतं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आपल्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत, तशी तीही रिकामी नव्हती. साखर होती.

मी म्हटलं, "अहो, कशाला एवढं?"

"जेवढी कढी आल्ती तेवढीच साखर हाय. बराबर तोलून दिली. कमीजास्त वाटलं तर सांगा."

माझं आयुष्य शेजाऱ्यांना वाट्या देण्यात गेलं, पण कढी तोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. या माणसावर नजर ठेवायची, हे मी तिथंच ठरवलं.

त्यांचं नाव साहेबराव. वजनमापे निरीक्षक म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी दुकानदारांची वजनं उलटी करून पाहण्यात गेली. वजनाच्या बुडातलं शिसं कुणी काढून घेतलं असेल तर म्हणे त्यांना ते नुसत्या हातात धरून कळायचं. आमच्या मस्तगड भागात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणतात. आडनाव काटे नाही. काटा तराजूचा.

बाजारात भाजीवालीनं वांगी तोलली की ते मान वाकडी करून काट्याकडे पाहतात आणि म्हणतात, "हात लागलाय." म्हणजे काट्यात कुणीतरी गडबड केली आहे. भाजीवालीही तयारीची. ती म्हणाली, "साहेब, रिटायर झाले न तुम्ही आता?"

"मी झालो. काटा न्हाई झाला."

हे नुसत्या काट्यापुरतं असतं तर मी काही लिहिलं नसतं. पण या माणसाला सगळ्याच गोष्टींना हात लागलेला दिसतो. दूध पातळ आलं, दुधाला हात लागलाय. पंखा हळू फिरला, लाइनीला हात लागलाय. माझ्या सुनेनं एकदा त्यांना हसून नमस्कार केला, तर मला येऊन विचारलं, "सूनबाईला काही काम होतं का माझ्याकडं? उगीच हसून राह्यली."

मी म्हटलं, "तिचा चेहराच तसा हाय."

"बरं," म्हणाले. पण पटलं नव्हतं.

घरात बाईमाणूस नव्हतं. पुण्याला नोकरी करणारा संतोष नावाचा एक मुलगा होता, म्हणजे त्याची आई कधीतरी असणारच. पण भिंतीवर फोटो नाही, हार नाही, बाईची एक वस्तू नाही. विचारलं तर म्हणाले, "ती न्हाई आता." न्हाई म्हणजे वारली की सोडून गेली, हे सांगितलं नाही. मी संशय जपून ठेवला.

मग एका सकाळी एका टेम्पोतून ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी उतरलं. काटेसाहेबांनी मागच्या अंगणात आधीच पत्र्याचं शेड मारून ठेवलं होतं. त्याचा पत्रा आमच्या मोरीच्या भिंतीला लागून आहे आणि त्यात एक फट आहे. फट माझ्या डोळ्याच्या उंचीला आहे, यात माझा काही दोष नाही.

ताडपत्रीखाली गाडी निघाली. गाडी म्हणजे आपली चारचाकी असते तशी नव्हे. हिला छप्पर नाही. मागची सीट नाही. दोनच माणसं मावतील, तीही भुईवर बसल्यासारखी. पुढचं तोंड मात्र सोंडेएवढं लांब. चाकांना सायकलसारखे स्पोक. बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेला, पोट सुटलेल्या हवालदाराला असतो तसा. रंग हिरवा, सीताफळाच्या पानासारखा.

मी अंगणात जाऊन विचारलं, "साहेब, बाकीची कुठं हाय?"

"एवढीच असते. विलायती हाय. शर्यतीची."

तिचं नाव त्यांनी सांगितलं, पण मला ते म्हणता येत नाही म्हणून लिहीत नाही.

गल्लीत लगेच बोलणं सुरू झालं की निरीक्षकाला ही गाडी लाच म्हणून मिळाली असणार. मला सगळं आडून विचारायची सवय नाही. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "एका जुन्या जिनिंगमधी कापसाचा मोठा काटा तपासायला गेल्तो. मागं शेडमधी ही पडलेली, वर कोंबड्या बसलेल्या. मालकानं भंगारात काढली अन् मी घेतली. पण आधी त्याच्या काट्याला सील ठोकलं. आधी सील. मंग गाडी." बोट वर करून त्यांनी ते दोनदा सांगितलं, म्हणून मला पुन्हा शंका आली.

गाडी बाकी त्यांच्या वळणाची होती. चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट, त्याला दोन कान. ते कान तांब्याच्या हातोडीनं ठोकून चाक बसवायचं. डावीकडचा नट एका बाजूनं आवळतो, उजवीकडचा उलट बाजूनं. "कामून माहीत हाय का? गाडी जसजशी पळते तसतसा नट आपोआप आवळत जातो. ही गाडी सोताच सोताला आवळते."

"तुमच्यासारखीच," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं असं वाटलं.

चावी फिरवली की मागून टिक टिक टिक आवाज यायचा आणि थोड्या वेळानं थांबायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सुनेला ओढून रस्त्यावर नेलं होतं. तो पेट्रोलचा पंप निघाला. पेट्रोल भरलं की तो गप्प बसतो. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी ते गाडी घेऊन अंबडच्या रस्त्याला जात. एकटेच. जाताना मी ओट्यावरून पाहायची. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, पण मान डावीकडे कललेली. जणू शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून कुणी काही सांगतं आहे. आणि मधूनच ते म्हणायचे, "बराबर." रिकाम्या सीटला. आता याला काय म्हणायचं? मी सुनेला सांगून ठेवलं, या घरातून काही खायला आलं तर आधी मला दाखवायचं.

मागच्या दसऱ्याला संतोष आला होता. त्यांच्यात दसऱ्याला गाडीची पूजा करून बापलेक सीमोल्लंघनाला जातात, वेशीबाहेर जाऊन परत येतात. त्या दिवशी गाडी वेशीबाहेर गेली, पण परत आली ती दोरी बांधून, ट्रॅक्टरच्या मागं. आल्यावर संतोष सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, ती तुम्हाला एकट्याला झेपते तोवर राहू द्या. पण पुढच्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपल्या पायानं आली नाही, तर विकू. गिऱ्हाईक आहे पुण्यात. अन् तुम्ही पण माझ्याकडं चला. एकट्यानं इथं काय करता?"

काटेसाहेबांनी ऐकून घेतलं. बाकीच्यांच्या बोलण्यात ते लगेच खोट काढतात, पण मुलाच्या बोलण्यात काढली नाही. नुसती गाडीवर ताडपत्री ओढली. ओढताना काठ सारखे केले, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसे.

यंदा गणपती होऊन गेले आणि एका दुपारी मी मोरीत भांडी घासत होते. पत्र्यापलीकडून काटेसाहेबांचा आवाज आला. "एक नंबर बराबर हाय. दोन नंबर मिसिंग." थोड्या वेळानं पुन्हा, "दोन नंबर मिसिंगच."

मी चौथी पास आहे, पण टीव्ही पाहते. मिसिंग म्हणजे काय ते मला कळतं. माणूस हरवला की पोलीस मिसिंगची तक्रार घेतात. म्हणजे या गृहस्थाच्या दोन होत्या. एक नंबरची ठीक आहे, दोन नंबरची गायब आहे. भिंतीवर फोटो का नाही, तेही उमगलं. कोणतीचा लावणार?

संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर गाठलं. "साहेब, पोलिसात सांगितलं का?"

"कशाचं?"

"दोन नंबरचं. मिसिंग हाय म्हणे."

ते दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. कधीपासून हाय?"

"आखाडापासून. आधी कधीतरी व्हायचं. आता चढावर तर बिलकुलच साथ देत न्हाई."

"वय काय?"

"माझ्याएवढंच असंल. थोडं जास्तच."

"या वयात असं? घरात काही भांडण झाल्तं का?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मथुराबाई, मी गाडीचं बोलून राह्यलो."

त्यांनी मला शेडमध्ये नेऊन दाखवलं. दाखवलं म्हणण्यापेक्षा साक्षीदार म्हणून नेलं. इंजिनाला दोन कारबोरेटर आहेत, एकाला ते एक नंबर म्हणतात, दुसऱ्याला दोन नंबर. दोघांची तोंडं उघडी, दोघंही हवा ओढतात, ओढताना फुसफुसतात. दोघांची फुसफुस सारखी पाहिजे. एक जास्त ओढायला लागला की इंजिन अडखळतं, धक्के देतं. त्याला गॅरेजच्या भाषेत मिसिंग म्हणतात.

"तराजूच हाय हा," ते म्हणाले. खिळ्यावरून त्यांनी हातभर लांबीच्या दोन रबरी नळ्या काढल्या. एकेक नळी एकेका तोंडाशी धरली आणि दुसरी टोकं दोन कानांत घातली, डॉक्टरसारखी. डोळे मिटले. "ह्या कानात एक नंबर, ह्या डाव्या कानात दोन नंबर. दोन पारडे. काटा मधी आला पाहिजे. पण दोन नंबर हलका लागतो. रोज स्क्रू पिळून जास्त हवा देतो, तरी हलकाच. हात लागलाय, मथुराबाई. कुणीतरी येऊन स्क्रू फिरवून राह्यलं. दसरा जवळ आला न. कुणाला तरी ही गाडी इथून न्यायची हाय."

एका नळीच्या टोकाला मऊ जुन्या कापडाचा तुकडा गुंडाळून दोऱ्यानं बांधला होता. निळं कापड, बारीक बुट्ट्यांचं. दुसरी नळी उघडीच. मी विचारलं, "हिलाच कापड कामून?"

"जुनी हाय ती," ते म्हणाले आणि नळी काढून घेतली.

त्यानंतर त्यांचा संशय फार वाढला. लोक मुद्दाम हळू बोलून राह्यले म्हणायचे, माझ्याविरुद्ध काहीतरी शिजून राह्यलं. एकदा फोन स्वयंपाकघरात वाजत होता आणि हे अंगणात शोधत फिरत होते. मी ओट्यावरून ओरडून सांगितलं, तेव्हा माझ्या घराऐवजी समोरच्या घराकडे वळून म्हणाले, "कोण हाय?" मग मला म्हणाले, "फोनला हात लागलाय. वाजतो एकीकडं, सापडतो दुसरीकडं."

मी म्हटलं, वय झालं, डोक्यावर परिणाम होणारच. चूक माझी झाली. डोकं ठीक होतं.

चोर पकडायला त्यांनी शेडच्या फरशीवर रांगोळीची पांढरी पूड चाळून टाकली. आधी मांजर सापडलं. मग मी सापडले.

हातात फूटपट्टी घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. "मथुराबाई, शेडमधी पावलं हायेत. बाईमाणसाची. डाव्या पायावर भार जास्त, उजवा हलका पडून राह्यला. आपल्या गल्लीत उजवा गुडघा कुणाचा दुखतो?"

"माझाच दुखतो. मीच आल्ते."

"गाडीला हात लावला?"

"लावला. धूळ होती."

"मंग स्क्रू तुम्हीच फिरवता. चला, दाखवा कुठं कुठं हात लावला ते."

गाडीचा स्क्रू मी फिरवते, असा आरोप माझ्यावर या वयात व्हावा? मी पदर खोचला आणि त्यांच्या डाव्या बाजूनं चालायला लागले. अंगण ओलांडून शेडपर्यंत जाईस्तोवर मी त्यांना, त्यांच्या काट्याला, त्यांच्या विलायती शर्यतीला जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. मन मोकळं झालं. शेडच्या दाराशी ते थांबले आणि म्हणाले, "आता गप कामून? बोला की."

मी तर अख्खं अंगणभर बोलत आले होते. हा माणूस थट्टा करणारा नव्हे.

मग मी त्यांना तोललं. डाव्या बाजूला उभी राहून हळूच म्हटलं, "साहेब, तुमच्या कॉलरवर पाल हाय." काही नाही. तसेच उभे. चार पावलं फिरून उजव्या बाजूला गेले आणि त्याच आवाजात तेच म्हटलं. कॉलर झटकत झटकत ते पार आंब्याच्या झाडाखाली गेले.

मला सगळा हिशेब लागला. दोन नळ्या, दोन कान. डाव्या पारड्यात काही पडतच नव्हतं.

"हात लागलाय साहेब," मी म्हटलं. "पण माझा न्हाई. तुमचाच. तुमचा डावा कान गेलाय. दोन नंबर त्या कानानं ऐकता, म्हणून तो तुम्हाला हलका लागतो. तो हलका नव्हताच. रोज स्क्रू पिळून पिळून तुम्हीच त्याला बिघडवला."

ते गाडीच्या पायरीवर बसले. उजव्या कानावर तळहात ठेवला आणि तसेच राहिले. काय ऐकलं, किंवा काय ऐकलं नाही, मला माहीत नाही. हात काढल्यावर एवढंच म्हणाले, "संतोषला कळलं तर दसऱ्याची वाट बी पाहणार न्हाई."

"मी कशाला सांगू? पण आता उजव्या कानानं दोन्ही ऐका न. आधी एक, मंग दुसरा."

यावर त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. "एक पारडं आज अन् दुसरं उद्या, असं तोलतात का कुठं? आठवणीनं वजन करायचं न्हाई. दोन्ही एकदमच पाहिजे." मग म्हणाले, "आधी दोघं जण करायचो. एकेक नळी एकेकाच्या कानात. ज्याला जो सूर ऐकू येईल तो त्यानं हूं करून सांगायचा. दोघांचा हूं एक झाला की गाडी बराबर."

"दोघं कोण?"

"मी अन् ती. दोन नंबर तिचा होता." खिळ्याकडे पाहून म्हणाले, "तिचा कान दुखायचा रबरानं."

एवढं बोलून ते उठले आणि पुन्हा अधिकाऱ्यासारखे झाले. "तुमचे कान कसे हायेत?"

"तुमच्या कुकरची शिट्टी मी माझ्या घरात मोजते."

"ते माहीत हाय मला," ते म्हणाले. "म्हणूनच विचारलं."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी शेडमध्ये गेले. त्यांनी गाडी चालू केली. मी मऊ कापडाच्या नळीला हात घातला, कारण कान मलाही आहेत. त्यांनी ती आधीच उचलली होती. "ही न्हाई," म्हणाले आणि आपली उघडी, टोचणारी नळी मला दिली. मऊ नळी त्यांनी स्वतःच्या उजव्या कानाला लावली आणि एक नंबरवर धरली. मी दोन नंबरवर.

माझ्या नळीत फार जोर होता. तव्यावरची भाकरी फुगून फाटते तेव्हा वाफ सुटते, तसा आवाज. मी हूं केलं. त्यांनी हूं केलं. त्यांचा हूं जाड, माझा बारीक. ते स्क्रू फिरवत गेले, मी हूं करत गेले. सून अंगणात कपडे वाळत घालायला आली होती. कानात नळ्या घालून हूं हूं करणारी दोन म्हातारी माणसं पाहून ती कपडे तसेच घेऊन आत गेली.

मध्ये एकदा आवाज जुळला असं मला वाटलं आणि लगेच बिघडला. मी म्हटलं, "आता कामून बिघडवला?"

"पाहून राह्यलो, तुम्ही नुसतं हो ला हो करता का ते." कुणाच्या काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्यांनी खोटं वजन टाकून पाहिलं होतं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

शेवटी दोन्ही हूं एकात एक गेले. कुणाचा कोणता ते कळेना. इंजिन दूध गरम होताना गुणगुणतं तसं गुणगुणायला लागलं.

"रस्त्यावर पाहावं लागंल," ते म्हणाले. "चढाला मिसिंग आलं तर सांगायला कुणीतरी पाहिजे."

अशी मी त्या गाडीत बसले. बसले म्हणजे गुडघ्याला शिव्या देत उतरले, विहिरीत उतरल्यासारखी. डावीकडची सीट. अंबडच्या रस्त्याला लागलो तसा वारा तोंडात शिरायला लागला. मी पदर दातात धरला. चढ आला, गाडी चढली, अडखळली नाही. मी म्हटलं, "बराबर हाय." त्यांनी ऐकलं नाही. मोठ्यानं म्हटलं. तरी नाही. मान मात्र नेहमीसारखी माझ्याकडे कललेली. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यांनी गाडी एका चहाच्या टपरीसमोर घेतली.

"काय झालं? मिसिंग?"

मी गाडीतून निघून, फिरून उजव्या बाजूला गेले. "मिसिंग न्हाई. पण त्या बाजूनं मी बोंबलले तरी तुम्हाला ऐकू येत न्हाई. मागून ट्रक आला तर? डावीकडं आरसा लावा उद्याच्या उद्या. आरसा लावला न्हाई तर मी संतोषला फोन करीन."

"लावतो."

"अन् एवढा कान जाईस्तोवर कळलं कसं न्हाई तुम्हाला? दुसऱ्याच्या वजनातलं रतीभर शिसं कळतं."

चहा आला. त्यांनी ग्लास हातात धरला आणि रिकाम्या सीटकडे पाहिलं. "तिकडं ती बसायची," म्हणाले. "उघडी गाडी, वारा. माझ्या ह्या कानाशी येऊन ओरडून बोलायची. हळू चालवा. ते पाहा, करडई किती आली. संतोषला चप्पल घ्यायची. सगळं ह्याच कानात. मंग ती गेली. तिकडून आवाज यायचाच बंद झाला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला वाटलं, आता तिकडून काही येणार न्हाईच. कान गेला हे कसं कळावं?"

चहात साखर कमी होती, तरी मी तो तसाच संपवला.

दसऱ्याला संतोष सकाळीच आला. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. मी ओट्यावर होते. डाव्या बाजूला नवीन आरसा चमकत होता. संतोषनं तो पाहिला, बॉनेट उघडून आत पाहिलं, इंजिनाचा आवाज ऐकला. मग खिळ्यावरच्या नळ्यांकडे पाहिलं. "दादा, एकट्यानं केलं हे सगळं?"

काटेसाहेब म्हणाले, "झेपतं मला."

मी आकाशाकडे पाहिलं.

बापलेक गाडीत बसले. काटेसाहेब उजवीकडे, संतोष डावीकडे, आईच्या जागेवर. गाडी गल्लीतून गेली. वेळ बराच झाला. मी दोनदा आत जाऊन आले, काही काम नसताना. मग लांबून आवाज आला, आणि तो ट्रॅक्टरचा नव्हता.

गाडी आपल्या पायानं शेडमध्ये गेली. काटेसाहेब ताडपत्री काढत होते. संतोष आपट्याची पानं द्यायला माझ्याकडे आला, वाकला. उठताना त्याचा चेहरा काही ठीक दिसला नाही.

"काय झालं रे? गाडी तर चांगली आली."

"मावशी, मी दादांना येताना म्हणालो, गाडी राहू द्या. विकायची नाही. अन् पुण्याला या म्हणून पण मी पुन्हा म्हणणार नाही, तुम्ही इथं ठीक आहात. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते नुसतं 'बराबर' म्हणाले. पुढं बघत. एक शब्द नाही. मी एवढं काय वाईट केलंय त्यांचं?"

"काही न्हाई केलं," मी म्हटलं. "तू आत जा. सूनबाईनं तुझ्यासाठी श्रीखंड काढून ठेवलंय."

तो आत गेला. मी शेडमध्ये गेले. काटेसाहेब पाठमोरे होते. गाडीवर ताडपत्री ओढत होते, पण काठ सारखे करत नव्हते. मी नीट फिरून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"साहेब, संतोष म्हणतो गाडी राहू द्या. विकायची न्हाई. तुम्ही बी इथंच राहा."

त्यांचा हात थांबला. पण शेवटी निरीक्षकच. "कधी म्हणला? कुणापुढं म्हणला?"

"आत्ता. येताना. गाडीत."

"गाडीत? मी होतो की गाडीत."

"तिकडून म्हणला," मी डावीकडच्या सीटकडे बोट दाखवलं.

त्यांनी ताडपत्रीचा कोपरा पुन्हा वर केला आणि त्या सीटकडे पाहत राहिले. सीटवर हारातून गळालेल्या झेंडूच्या चार पाकळ्या पडल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत.

"तिकडून म्हणला का," ते म्हणाले. "मंग बराबर."